वेबसाइट आपोआप अपडेट होते, पण तपासणी पक्की आहे का?

समजा, तळेरे येथील आंबा बागायतदाराने वेबसाइटवर हापूसचा दर बदलला. पण सर्व्हरवर एक फाइल चढवायची राहिली. ग्राहकाला जुनाच दर दिसणार.

उपाय काय? ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ आणि ‘कंटिन्युअस डिप्लॉयमेंट’. बदललेला कोड ‘गिटहब’वर टाकताच ठरवून दिलेल्या चाचण्या आपोआप होतात. त्या पास झाल्या, तरच नवी आवृत्ती सर्व्हरवर जाते.

धोका कुठे? चाचणीच कच्ची असेल, तर चूकही तितक्याच वेगाने पसरते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’चे सदोष अपडेट तपासणी यंत्रणेतील त्रुटीमुळे सुटले. जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. मुंबईतही विमानसेवा विस्कळीत झाली.

म्हणून चाचण्यांसोबत जुनी आवृत्ती लगेच परत आणण्याची सोयही हवी.