बुलबुल, गोगलगाय आणि 'उपरे' हा शब्द

ईसा टाउनमधील आमच्या घरासमोरच्या खजुरावर सकाळी दोन जातींचे बुलबुल येतात. पांढऱ्या गालांचा बुलबुल येथला मूळ रहिवासी, बहरीनचा राष्ट्रीय पक्षी. दुसरा लालबुड्या बुलबुल, महाराष्ट्रातील अंगणात दिसणारा. पिंजऱ्यातील पक्षी म्हणून माणसाने त्याला आखातात आणले. सुटलेल्या पक्ष्यांनी येथे संसार थाटला. आमच्या मुलांना तो आपला गाववाला वाटतो.

जगातील 100 अतिउपद्रवी परकीय जातींची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे. तीत हा बुलबुल आहे आणि आफ्रिकन राक्षसी गोगलगायही आहे. 1847 मध्ये विल्यम बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली. 2022 च्या खरिपात तिने लातूर, बीड आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली.

एकाच यादीत असूनही दोघांत फार अंतर आहे. बुलबुल एका वेळी दोन-तीन अंडी घालतो. गोगलगाय शेकडो घालते. नर आणि मादी एकाच देहात असल्याने प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. कोरड्या दिवसांत ती मातीत निपचित पडून राहते आणि पावसाबरोबर, नेमकी पिके उगवताना, बाहेर येते. बुलबुल महाराष्ट्रात परिसराचा घटक आहे. हवाई बेटांवर तोच फळबागांचा शत्रू ठरतो. आखातात त्याचा स्थानिक बुलबुलाशी संकरही होतो.

म्हणून आमचे मत असे: जीव कोठून आला, यावरून त्याचा निवाडा होऊ नये, तो त्या ठिकाणी काय करतो, हे पाहावे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचा अन्याय आपल्या पिढ्यांनी सोसला आहे. स्थलांतरित म्हणून 'उपरे' हा शब्दही आपल्या कानांवर येतो. परंतु त्यामुळे उद्ध्वस्त शेताकडे डोळेझाक करणे हा न्याय नव्हे. गोगलगाय वेचून नष्ट करावीच लागते.

मात्र तिला आणणाऱ्या हाताचाही हिशेब मागावा लागतो. हवाईत 1955 मध्ये हीच गोगलगाय संपवण्यासाठी दुसरी शिकारी गोगलगाय सोडली गेली आणि तिने तेथील देशी गोगलगायींचाच संहार केला. तेव्हाही शिक्षा भोगली ती मुक्या जिवांनी.

मुलांना आम्ही एवढेच सांगतो: पिंजऱ्यातला पक्षी किंवा कुंडीतली माती देशांतरी नेऊ नका; आणि नाव परके आहे एवढ्यावरून कोणालाही दोषी धरू नका.