यादीबाहेरची माणसे

घरादाराला पारख्या झालेल्या माणसाला आपल्या भाषांनी दिलेली नावे जरा निरखून पाहण्याजोगी आहेत. मराठी त्याला 'निर्वासित' म्हणते. त्याला राहत्या जागेतून कोणी तरी हुसकून लावले आहे, हे त्या शब्दात सुचविलेले असते. बंगालीतील 'उद्वास्तु' हा शब्द मागे सुटलेल्या वास्तूकडे बोट दाखवितो. हिंदीत रुळलेला 'शरणार्थी' मात्र पुढच्या दाराकडे पाहतो. पहिले दोन शब्द उच्चारून आपल्याला हळहळता येते, आणि हळहळून स्वस्थही बसता येते. तिसरा शब्द उच्चारला की 'हो' किंवा 'नाही' असे काही तरी उत्तर देणे भाग पडते. मराठीत 'शरण' या शब्दाला आणखी एक अंग आहे. शरण मागणे म्हणजे आश्रय मागणे आणि शरण जाणे म्हणजे शत्रूपुढे हात टेकणे. जुलमी राजवटीतून पळणाऱ्या माणसाचे सारे प्राक्तन या दोन अर्थांमधल्या अरुंद पट्टीत ठरत असते, आणि त्या पट्टीवर त्याच्या मदतीला कोण उभे राहते, कशाच्या बळावर आणि कोणासाठी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दक्षिण फ्रान्समधील मार्सेलिस हे बंदर मराठी वाचकाला सावरकरांच्या उडीमुळे परिचित आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकर बोटीतून समुद्रात उडी घेऊन फ्रेंच भूमीवर पोहोचले. तेथील शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केले. हे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाने निर्णय दिला, की हवाली करण्यात अनियमितता झाली हे खरे. परंतु कैद्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. कायद्याच्या परिभाषेत जी केवळ अनियमितता होती, तिचा एका माणसाच्या आयुष्यातील अर्थ अंदमान असा झाला. सावरकरांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, मार्सेलिसच्या धक्क्यावर उभा राहिलेला प्रश्न शरणागताचाच होता.

तीस वर्षांनी तोच प्रश्न त्याच बंदरात शतपटीने उभा राहिला. १९३३ पासून हिटलरच्या जर्मनीतून आणि पुढे ऑस्ट्रियातून व चेकोस्लोव्हाकियातून पळालेले लेखक, चित्रकार, राजकीय कार्यकर्ते आणि असंख्य सामान्य ज्यू कुटुंबे फ्रान्समध्ये आली होती. युद्ध सुरू होताच फ्रान्सने यांतील अनेकांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवून छावण्यांत कोंडले. (ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात हेच केले, अहमदनगरच्या छावणीत नाझींच्या समर्थकांबरोबर नाझींपासून पळून आलेले लोकही होते.) फ्रान्स पडला आणि २२ जून १९४० रोजी युद्धविरामाचा करार झाला. त्याच्या १९ व्या कलमान्वये जर्मनी ज्या जर्मनांची मागणी करील, त्यांना हवाली करण्याचे फ्रेंच सरकारने मान्य केले. आश्रय देणाऱ्या देशाने आपला शब्द लेखी स्वरूपात मागे घेतला.

या कलमाला उत्तर म्हणून तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये आपत्कालीन बचाव समिती स्थापन झाली. तिने व्हेरियन फ्राय या बत्तीस वर्षांच्या पत्रकाराला ऑगस्टमध्ये मार्सेलिसला पाठविले. त्याच्याजवळ ३००० डॉलर आणि सुमारे २०० नावांची एक यादी होती. काही आठवड्यांचे काम म्हणून तो आला आणि वर्षभराहून अधिक काळ राहिला. हाइनरिश मान, फ्रान्झ वेर्फेल, लिऑन फॉइश्टवांगर, मार्क शगाल, माक्स एर्न्स्ट आणि हॅना आरेंट यांच्या सुटकेच्या कथांत फ्रायचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे नाव येते. त्या कार्यालयाच्या साहाय्याने सुमारे २००० माणसे निसटली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

येथवरची कथा गौरवाची आहे आणि ती तशीच सांगितली जाते. परंतु त्या यादीपाशी थोडे थांबले पाहिजे. तिच्यात कोणाची नावे होती? ख्यातनाम लेखकांची, चित्रकारांची, विचारवंतांची. ती कोणी सुचविली? अमेरिकेतील ख्यातनाम लेखकांनी, संग्रहालयांच्या प्रमुखांनी आणि विचारवंतांनी. ज्याचे नाव अटलांटिकपलीकडे पोहोचले होते, त्याचा जीव वाचविण्याजोगा ठरला. मग ज्याने एकही पुस्तक लिहिले नाही त्या शिंप्याचे काय, आणि ज्याची कविता अद्याप वहीतच होती त्या तरुणाचे काय? प्रतिभा ही जगण्याच्या हक्काची अट आहे काय? हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. विशेषतः साहित्याच्या अभ्यासकांनी तर तो मुळीच झटकू नये. कारण कोणाचे नाव यादीत यावे हे ठरविणे हाच आमचा नित्याचा व्यवसाय आहे.

यावर देता येईल असे एक उत्तर आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते त्या काळी दारे किलकिलीच ठेवीत होते, आणि जे थोडे आपत्कालीन प्रवेश-परवाने मिळत होते, ते नामवंतांच्या नावावरच मिळत होते. यादी नसती तर २०० ही सुटले नसते. हे उत्तर खरे आहे. तथापि ते अपुरे आहे. फ्रायच्या कार्याचे मोल त्याने यादीचे काय केले यावरून ठरते, असे मला वाटते. त्याच्या खोलीबाहेर पहिल्या काही दिवसांतच रांगा लागल्या, आणि रांगेतील बहुतेक माणसे यादीबाहेरची होती. त्याने 'अमेरिकन साहाय्य केंद्र' या नावाने उघड कार्यालय थाटले. त्याचे दर्शनी काम गरजूंना भत्ता देण्याचे होते. त्याच्या आडून सुटकेचे काम चाले. मिरियम डॅव्हनपोर्ट या कलेतिहासाच्या विद्यार्थिनीने आपली श्रीमंत मैत्रीण मेरी जेन गोल्ड हिला यादीत नसलेल्यांसाठी पैसे द्यावयास लावले, आणि त्यातून एक दुसरीच यादी तयार झाली. पहिली यादी कीर्तीने बनली होती. ही दुसरी गरजेने बनली.

महाभारतातील शिबी राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कबुतर मांडीवर येऊन पडले तेव्हा शिबीने त्याची योग्यता विचारली नाही. ससाणा भुकेचा हवाला देऊ लागला तेव्हा राजाने त्याचेही म्हणणे ऐकून घेतले, आणि दुसऱ्या पारड्यात स्वतःचे मांस कापून ठेवले. या कथेत तराजू आहे; पण तोलला जातो तो आश्रयदाता. शरणागत किती वजनाचा, हे आश्रयदात्याला किती द्यावे लागेल यापुरतेच महत्त्वाचे असते. यादीवादी दृष्टी याच्या उलट असते. ती शरणागताला पारड्यात घालते आणि दुसऱ्या पारड्यात त्याचीच ग्रंथसंपदा ठेवते.

आता हे साहाय्य प्रत्यक्षात कशाचे बनलेले असते ते पाहू. धाडसाच्या कथा वाचून आपली समजूत होते की ते रात्रीच्या अंधाराचे आणि डोंगरवाटांचे बनलेले असते. डोंगरवाटा होत्याच. बर्लिनमध्ये वाढलेली लिझा फिट्को आणि तिचा पती हान्स यांनी १९४० च्या सप्टेंबरपासून पुढच्या वसंतापर्यंत पिरेनीज पर्वताच्या एका जुन्या चोरवाटेने कितीतरी जणांना स्पेनमध्ये नेऊन सोडले. तथापि मुख्य लढाई कागदांची होती. पळणाऱ्याला अमेरिकेचा प्रवेश-परवाना हवा, तो दाखविल्यावर पोर्तुगालचा, तो मिळाल्यावर स्पेनचा मार्ग-परवाना हवा. आणि फ्रान्सचा निर्गमन-परवाना तर मागणेच धोक्याचे, कारण अर्ज करणे म्हणजे आपला ठावठिकाणा कळविणे. एका कागदाची मुदत संपेपर्यंत दुसरा मिळत नसे. चेकोस्लोव्हाकियाचा वाणिज्यदूत व्लादिमीर वोखोच याने आपला देश नकाशावरून पुसला गेल्यानंतरही त्याची पारपत्रे दिली. अमेरिकेचा उपवाणिज्यदूत हायरम बिंगम याने वरिष्ठांची नाराजी पत्करून सढळ हाताने परवाने दिले. व्हिएन्नाचा व्यंगचित्रकार बिल श्पिरा कुंचल्याने हुबेहूब सरकारी शिक्के रंगवीत असे. काही पारपत्रांवर चिनी लिपीतील शिक्का होता. या माणसाला चीनमध्ये कदापि प्रवेश देऊ नये, असा त्याचा अर्थ होता म्हणतात. पण वाटेतल्या अधिकाऱ्यांना चिनी येत नसल्याने तोच परवाना म्हणून चालला.

खोटे कागद वापरावे काय, हा प्रश्न सभ्य माणसाला पडतो. रुडॉल्फ हिल्फरडिंग आणि रुडॉल्फ ब्राइटशाइट हे जर्मन समाजवादी पक्षाचे ज्येष्ठ नेते मार्सेलिसमध्ये होते. हिल्फरडिंग तर जर्मनीचा माजी अर्थमंत्री. चोरवाटेने जाण्यास ते राजी झाले नाहीत. आयुष्यभर कायद्याच्या राज्यासाठी झगडलेल्या माणसांना रीतसर कागद हवे होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना रीतसरच जर्मनांच्या हवाली केले. हिल्फरडिंगचा अंत त्याच महिन्यात पॅरिसच्या तुरुंगात झाला. ब्राइटशाइट १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत मेला. त्यांच्या सचोटीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु जेथे १९ व्या कलमालाच कायदा म्हटले जाते, तेथे बनावट शिक्का मारणारा हात कायद्याचा मूळ हेतू अधिक प्रामाणिकपणे पाळीत असतो, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही.

कागदाचे बळ किती आंधळे असते, याचे एक उदाहरण आमच्या अभ्यासक्षेत्राला जिव्हारी लागणारे आहे. वाल्टर बेन्यामिन लिझा फिट्कोच्या सोबतीने डोंगर ओलांडून सप्टेंबर १९४० च्या अखेरीस पोर्टबू या स्पॅनिश गावी पोहोचला. त्याच्याजवळ अमेरिकेचा परवाना होता, फ्रान्सचा निर्गमन-परवाना नव्हता. आणि तेवढ्यासाठी त्याला परत पाठविण्याचे ठरले. त्याने तेथेच आत्महत्या केली. त्याच्या बरोबरच्यांना नंतर पुढे जाऊ दिले गेले. ज्या जर्मन साहित्यपत्रात बेन्यामिन नियमित लिहीत असे, त्याचा संस्थापक-संपादक विली हास हा १९३९ मध्ये मुंबईस आला. मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी पटकथा लिहीत तो युद्धकाळात टिकून राहिला आणि युद्धानंतर जर्मनीला परतला. एकाच साप्ताहिकाच्या दोन माणसांपैकी कोण जगला याचा उलगडा त्यांच्या वाङ्मयीन गुणवत्तेतून होणार नाही. एकाला मुंबईत काम मिळाले आणि दुसऱ्याला एक शिक्का कमी पडला.

साहाय्यकांनीही किंमत मोजली. श्पिरा पकडला गेला आणि अनेक छळछावण्यांतून कसाबसा जिवंत परतला. फ्रायचे पारपत्र नूतन करण्यास त्याच्याच सरकारने नकार दिला. ऑगस्ट १९४१ मध्ये फ्रेंच पोलिसांनी त्याला पकडून देशाबाहेर घालविले. परतल्यावर त्याने ज्यूंच्या संहाराविषयी १९४२ मध्येच लिहिले. फार कोणी कान दिला नाही. फ्रान्सने त्याचा सन्मान केला तो १९६७ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या काही महिने आधी.

हा सारा इतिहास विद्यापीठाच्या नियतकालिकात सांगण्याचे कारण असे, की विद्यापीठ ही आजच्या जगातील कागद देणारी एक मोठी संस्था आहे. प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, निमंत्रण यांच्या आधारावर परवाने मिळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, आणि भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना पूर्वी दिलेले व्हिसा भारत सरकारने अवैध ठरविले. आपल्याच विद्यापीठांच्या पटावर नावे असलेले, महासाथीच्या काळात मायदेशी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने स्त्रियांना विद्यापीठांची दारे बंद केली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. तेव्हा आपल्याकडे आश्रय हा हक्कापेक्षा मर्जीचा विषय राहतो. सीमेचे धोरण विद्यापीठे ठरवीत नाहीत, हे मान्य. पण पटावरील नाव कायम ठेवणे, प्रवेशाची मुदत वाढविणे, दूरस्थ परीक्षा घेणे, मंत्रालयाला पत्र लिहिणे आणि उत्तर न आल्यास पुन्हा लिहिणे, ही कामे कुलसचिवांच्या कचेरीतच व्हावयाची असतात.

संकटग्रस्त विद्वानांना आसरा देणाऱ्या संस्था पाश्चात्त्य देशांत १९३३ पासून आहेत आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. आपणही अशी काही व्यवस्था उभारू लागलो, तर पहिला मोह नामवंतांची यादी करण्याचा होईल. यादी जरूर करावी, कारण बंद दाराला तिची किल्ली लागू पडते. मात्र दार उघडल्यावर किल्लीवरचे नाव वाचून कोणाला मागे लोटू नये. ज्या विद्यार्थिनीच्या नावावर अद्याप एकही ओळ छापलेली नाही आणि जिच्यापाशी फक्त आपल्या एका विभागाचा हजेरी-क्रमांक आहे, तिच्यासाठी विभागप्रमुख किती पत्रे लिहितात, यावर आपली परीक्षा व्हावी.