सायकलीला जीपीएस : गरज की हौस?

"सायकलीला जीपीएस घेऊन द्या," अशी मागणी आता कामगारांच्या घरांतही मुले करू लागली आहेत. गुलमंडीवर सणाची खरेदी करतानाही दहा वेळा हिशेब करणाऱ्या आईबापांनी अशा वेळी रागावू नये आणि लगेच हप्तेही बांधून घेऊ नयेत. आधी वस्तू समजून घ्यावी.

सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकन उपग्रहांचे संदेश हे यंत्र पकडते. किमान 4 उपग्रहांचे संदेश मिळाले की आपली जागा ठरते. या संदेशाला पैसे पडत नाहीत आणि इंटरनेटही लागत नाही. नकाशा घरीच उतरवून घेतला की झाले. मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाईलही सुमारे 5 मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. गुलमंडीसारख्या दाट वस्तीत मात्र भिंतींवर आदळून येणाऱ्या लहरींमुळे महागडे यंत्रही चुकू शकते.

म्हणून निवड गरजेवरून करावी. नुसता वेग आणि अंतर पाहायचे असेल, तर चाकावर चुंबक लावायचे साधे मीटर पुरे. त्यात चाकाचा घेर तेवढा बरोबर भरावा. रविवारी वेरूळपर्यंतच्या सुमारे 30 किलोमीटरला घरचा मोबाईल चालतो. पडदा बंद ठेवला, तर बॅटरी टिकते. दिवसदिवस सायकल चालवणाऱ्याने किंवा स्पर्धेत उतरणाऱ्यानेच वेगळ्या यंत्राचा विचार करावा. ते घेताना बॅटरी किती तास चालते, उन्हात पडदा दिसतो का, दुरुस्ती कुठे होते, हे विचारावे. 'आयपीएक्स 7' असा शिक्का असेल, तर ते 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकते असा अर्थ. पक्के बिल घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. 'स्ट्रावा' या कंपनीने 2017 साली लोकांच्या धावण्या-फिरण्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यातून लष्कराचे तळही उघडे पडले, हे 2018 च्या जानेवारीत जगाला कळले. मग आपल्या मुलीचे घर आणि रोजची वाट अनोळखी माणसाला कळायला किती वेळ लागेल? नोंद खाजगी ठेवावी आणि घराजवळचा भाग लपवावा.

शेवटी खर्चाचा क्रम. आधी चांगले ब्रेक, मग मागचा लाल दिवा, मग हेल्मेट आणि उरले तर यंत्र. वाळूजहून रात्रपाळी करून सायकलीवर परतणाऱ्याला रस्ता पाठच असतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसला पाहिजे.