सोडलेली पिल्ले मोजली. पुढे गेलेली कोण मोजणार?

कोकणातील वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवरून दर हंगामात एक हिशेब बातम्यांत येतो: इतकी घरटी, इतकी अंडी आणि समुद्रात सोडलेली इतकी पिल्ले. हा हिशेब अभिमानास्पद आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण हाती घेतले, त्या काळी ही अंडी माणसे आणि कोल्हेकुत्री यांच्यापासून क्वचितच वाचत. आज त्याच गावांत कासव महोत्सव भरतो. तरीही हा हिशेब पहिल्या लाटेपाशी थांबतो. पिल्लू पाण्यात शिरले की त्याची नोंद संपते. संवर्धनाचे यश खरोखर जोखायचे असेल, तर मोजणी त्या लाटेपलीकडे न्यावी लागेल.

भारतात कासवांचा माग काढण्याचे गाजलेले प्रयोग प्रौढ माद्यांवर झाले आहेत. महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०२२ च्या आरंभी कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. ‘प्रथमा’ हे त्यांतील पहिलीचे नाव. २०२३ मध्ये गुहागरला ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ यांची भर पडली. बागेश्री दक्षिणेकडे निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी पूर्वेच्या समुद्रातही वावरते, हे त्या एका प्रवासाने दाखवून दिले.

हीच युक्ती नवजात पिल्लाला मात्र लागू पडत नाही. त्याचे वजन जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास असते. प्रौढ मादीच्या पाठीवरील यंत्र त्याला बुडवील. शिवाय रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून फार दूर जात नाहीत, म्हणून उपग्रह टॅग कासव पृष्ठभागावर आले तरच बोलतो. ध्वनीचे तसे नाही. तो समुद्रात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने धावतो. एका ग्रॅमहून हलका ध्वनी-टॅग पिल्लाला चिकटवला, की तो ठरावीक अंतराने माणसाला ऐकू न येणारा ठोका देत राहतो. पाण्यात ठेवलेले ग्राहक तो टिपतात. एकच ठोका दोन ग्राहकांकडे एक सहस्रांश सेकंदाच्या फरकाने पोहोचला, तर पिल्लापासूनच्या त्यांच्या अंतरांत दीड मीटरचा फरक असतो. असे अनेक ग्राहक जोडले, की अंधाऱ्या पाण्यातही पिल्लाची वाट कागदावर उमटते.

अशा प्रयोगांनी काय हाती लागते? केप व्हर्देच्या बेटांवर लॉगरहेड जातीच्या अकरा पिल्लांना सूक्ष्म ध्वनी-टॅग लावून नावेतून त्यांचा पाठलाग करण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पिल्लांचा माग कमाल आठ तास आणि पंधरा किलोमीटरपर्यंत लागला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगलू किनाऱ्यावरील ग्रीन कासवांच्या पिल्लांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पाण्यावर कृत्रिम दिवा लावताच ८८ टक्के मार्ग त्या दिव्याकडे वळले आणि पिल्ले किनाऱ्यालगत अधिक वेळ रेंगाळली. उथळ पाण्यात शिकारी मासे टपलेले असतात. तेथे वाढलेले एकेक मिनिट जिवावर बेतू शकते.

कोकणासाठी खरा प्रश्न येथेच उभा राहतो. घरट्यातील अंडी सुरक्षित कुंपणात हलवली जातात आणि बाहेर आलेली पिल्ले पर्यटकांच्या साक्षीने सकाळ-संध्याकाळ सोडली जातात. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी रोज पिल्ले उतरू लागली, तर माशांना आणि पक्ष्यांना ती वेळ कळते का? जेटीवरील आणि मासेमारी नौकांवरील दिवे पिल्लांना मागे ओढतात का? पहाट बरी की रात्र? ही उत्तरे भावनेने ठरणार नाहीत. ‘हजारात एखादेच पिल्लू जगते’ हे वाक्य सर्रास सांगितले जाते. तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पहिल्या काही तासांतील हानी टाळता येण्याजोगी निघाली, तर सोडण्याची वेळ किंवा जागा बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरेल.

आक्षेप रास्त आहेत. टॅगमुळे पोहण्यास अडथळा होतो, ग्राहकांची श्रवणकक्षा मर्यादित असते आणि खोल समुद्रातील पुढची वर्षे या साधनाला दिसत नाहीत. सागरी कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे परवानगीवाचून असा प्रयोग होऊ नये. म्हणूनच मोजक्या पिल्लांवर, काही तासांपुरता, सोडण्याच्या वेळांची तुलना करणारा प्रयोग हवा. अल्प, पण नेमके उत्तर देणारा.

हा विषय केवळ कोकणाचा नाही. २०२१ मध्ये ओडिशात ‘०३२३३’ या क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. दोन्ही किनारे कासवांच्या लेखी जोडलेले आहेत, आणि त्यांतील ओडिशाच्या किनाऱ्याशी रायपूरचेही नाते आहे. शहराजवळून वाहणारी खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. आणि ज्या देवी नदीच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, ती महानदीचीच एक शाखा आहे. रायपूरच्या नाल्यात टाकलेली पिशवी हिराकुडला अडकेलही, पण उतार समुद्राकडेच आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रायपूरच्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र परके वाटण्याचे कारण नाही. लाटांच्या गोंगाटातून क्षीण ठोका वेगळा काढणे, घड्याळांचा मेळ घालणे, वेळेच्या फरकातून स्थान शोधणे हे गणिताचे आणि अभियांत्रिकीचे प्रश्न आहेत. ते सोडवण्यासाठी दारात समुद्र असावा लागत नाही.

महोत्सवातील टाळ्या थांबू नयेत. त्या गावांनी त्या कमावल्या आहेत. पण पुढच्या हंगामातील बातमीत ‘इतकी सोडली’ या आकड्याशेजारी ‘इतकी उथळ पाणी ओलांडून गेली’ हा दुसरा आकडाही असावा. तो पहिल्यापेक्षा लहान असेल; संवर्धनाची पुढची दिशा मात्र त्यावरूनच ठरेल.