तोंडी लावायला भाकर

तेल्हाऱ्यातल्या चहाच्या टपरीवर एका सकाळी माझी बोलती बंद झाली. मी बिनसाखरेचा चहा सांगितला आणि सोबत आलेला टोस परत केला. शेजारी बसलेले ओळखीचे एक शेतकरी म्हणाले, "सर, टोस नाई, पोहे नाई, अन् आता भाकरीलेबी नाई म्हंता म्हणे? आमचा बुढा न्यारीले तीन तीन भाकरी खाये. त्याले कधी शुगर झाली का?" आजूबाजूच्या चार माना डोलल्या. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. पूर्वपक्ष इतक्या कमी शब्दांत मांडता येतो आणि उत्तरपक्षाला मात्र दोन-तीन पानं लागतात, म्हणून हा लेख.

बुढ्याच्या तीन भाकरी मला मान्य आहेत. पण त्या कधी खाल्ल्या जात, ते आधी पाहू. शेतकरी दादांच्या वाक्यातच उत्तराचा निम्मा भाग आहे: ते 'न्यारी' म्हणाले, 'नाश्ता' नव्हे. न्याहारी उठल्याउठल्या होत नसे. उन्हं वर आल्यावर, दोन-तीन तास वखर नाहीतर डवरा हाकून झाल्यावर, फडक्यात बांधलेली भाकर वावरात पोचायची. राबणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. भाकर पोटात जाण्याआधी काम, नंतरही काम. आजचा नाश्ता अंथरूण सोडल्यावर तासाभरात होतो आणि पुढे मोटारसायकल, दुकानाचा गल्ला, नाहीतर कचेरीतली खुर्ची. वावरात जाणाऱ्यालाही पूर्वीएवढं बैलामागे चालावं लागत नाही, ते काम ट्रॅक्टर करतो. माणूस बदलला, वेळ बदलली, भाकरींची संख्या तेवढी परंपरा म्हणून राहिली.

आणि बुढ्याची शुगर मोजली कोणी होती? तेव्हा घरोघरी यंत्रं नव्हती. पायाची जखम भरत नाही, नजर अधू झाली, रात्रीतून चारदा उठावं लागतं, या सगळ्याला एकच नाव होतं, म्हातारपण. 'त्याले शुगर नव्हती' याचा अर्थ बऱ्याचदा 'त्याले शुगर आहे हे कळलं नाही' एवढाच असतो. बुढा खरोखर ठणठणीत असेलही. पण एका बुढ्यावरून गावाचा आहार ठरवायचा तर विडी ओढून नव्वदी गाठलेला आजाही प्रत्येक गावात सापडतो.

आता शरीराची बाजू. पहाटे जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल, वाढीचं संप्रेरक वगैरे मंडळी अंगात सक्रिय होतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागतं. निरोगी माणसात इन्सुलिन ती आवरतं. मधुमेह्याचं इन्सुलिन नेमकं त्याच वेळी लंगडतं. म्हणून रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची शुगर चढलेली दिसते आणि 'रात्री तर अर्धीच भाकर खाल्ली होती' असं डॉक्टरांपुढे शपथेवर सांगावं लागतं. या चढलेल्या साखरेवर आपण पोह्यांची ताटली ठेवतो. मधुमेह्यांमध्ये दिवसातली सगळ्यांत मोठी उसळी बहुधा नाश्त्यानंतरच दिसते, ती यामुळे. दिवसातलं एकच जेवण बदलायचं ठरवलं, तर मी हे पहिलं निवडीन.

पोहे हलके असतात, असं म्हणणारा एक मोठा वर्ग आहे. हलके म्हणजे वजनाला हलके, एवढ्यापुरतं खरं आहे. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ४६ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं साडेचार ग्रॅमच्या आत. त्यात आमच्याकडचे आलूपोहे, म्हणजे पिष्टमय पदार्थात पिष्टमय पदार्थ, वरून शेव आणि शेजारी दोन चमचे साखरेचा चहा. नागपूरकडे पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात. त्या ताटलीत मधुमेह्याच्या कामाची वस्तू ती तर्रीच, तवंग थोडा बाजूला सारून. माझं म्हणणं एवढंच की तर्रीवर चमचाभर पोहे घालावेत. एकादशीच्या साबुदाण्याबद्दल इथे लिहीत नाही, नाहीतर घरातच दुसरा खंडनमंडनाचा प्रसंग उभा राहील.

इथवर ज्वारीवाले माझ्या बाजूने असतील. आता त्यांची नाराजी पत्करतो, कारण मीही ज्वारीवालाच आहे. 'गहू सोडा, ज्वारी धरा, शुगर जाईल' हे वाक्य लग्नात, मयतीत, एस.टी.त कुठेही ऐकू येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, ते उघडून पाहावेत. शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६७.७ ग्रॅम. शंभर ग्रॅम गव्हाच्या कणकेत ६४.२. प्रथिनं दोन्हींत दहाच्या आसपास, चोथाही जवळपास तेवढाच. ज्वारीचं पिष्ट थोडं सावकाश पचतं, हा तिचा गुण मान्य. पण सावकाश येणारा पाहुणाही शेवटी घरात येतोच. पन्नास-पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी म्हणजे ६८ ग्रॅम कर्बोदकं. धान्याची जात बदलली म्हणून हा हिशेब बदलत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला, तो वर्तमानपत्रांत गाजला. त्याच पाहणीचा २०२५ मध्ये आलेला आहाराचा भाग मात्र आमच्या टपरीपर्यंत पोचला नाही. भारतीय माणूस आपली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो. नुसता मैदा-पांढरा तांदूळ काढून त्याजागी कणीक किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने, एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली तर, धोका घटलेला दिसत नाही. ऊर्जेचा अवघा पाच टक्के वाटा कर्बोदकांकडून काढून डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांना दिला, तर मात्र घटलेला दिसतो. गहू की ज्वारी हे भांडण आपण ज्या आवेशाने भांडतो, त्यातला निम्मा आवेश डाळीसाठी वापरला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे मग भाकर मोडीत काढायची? मुळीच नाही. आमच्याकडे भाकरीबरोबरच्या भाजीला, बेसनाला, उसळीला 'कोरड्यास' म्हणतात. इतरत्र 'तोंडी लावणं' म्हणतात. दोन्ही शब्दांत मालक भाकर आहे आणि बाकीचे तिचे चाकर. गरिबीच्या काळात ते रास्तच होतं. पोट भाकरीनेच भरायचं आणि तिखट चुनाचा नाहीतर ठेच्याचा उपयोग ती घशाखाली उतरवण्यापुरता. मधुमेह्याने हे नातं उलटं करायचं आहे. ताटात कोरड्यास पोटभर आणि भाकर तोंडी लावायला. शेगावला गजानन महाराजांच्या नैवेद्यात पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी असते. पदार्थ तेच ठेवावेत, प्रमाण बदलावं.

खाण्याचा क्रमही उलटा करता येतो. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग केला, फक्त ११ मधुमेह्यांवर. तेच जेवण, तीच माणसं. एकदा पाव आणि फळांचा रस आधी, दुसऱ्यांदा भाजी आणि प्रथिनं आधी. दुसऱ्या वेळी तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. ११ माणसांवरून वेद लिहू नये, पण आधी उसळ आणि मग भाकर खायला खर्च काय येतो?

'हे लो-कार्ब म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांचे चोचले, बदाम आणि कसलीशी हिरवी फळं' हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त हसवतो, कारण तो हरभऱ्याच्या वावरात उभं राहून घेतला जातो. आमच्या भागात रब्बीला अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा जाकी ९२१८ हरभरा पिकतो. तूर आहे. तो माल आपण बाजार समितीत घालतो आणि येताना टोसचा पुडा आणतो! साठ ग्रॅम हरभरा डाळीत कर्बोदकं २८ ग्रॅम, प्रथिनं १३. तेवढ्याच ज्वारीत ४१ आणि ६. डाळीचा चोथाही दीडपट. आणि या डाळीचं काय करायचं हे वऱ्हाडाला कोणी शिकवायची गरज नाही. फुणके घ्या: डाळ भिजवून भरड वाटायची, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून मुटके वळायचे, वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. तेल नावाला. मुगाच्या डाळीचं धिरडं. थंडीत हिरव्या तुरीच्या सोल्यांची उसळ. मोड आलेली मटकी, वर जवसाची चटणी. वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे. माळकरी नसाल तर दोन अंडी, त्यांत कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. उकडपेंडीवर माझाही जीव आहे, पण ती शेवटी तेलात परतलेली कणीकच. ती आता माझ्याकडे सणासारखी येते.

एवढं मंडन झाल्यावर आपल्याच छावणीतल्या अतिउत्साही लोकांचं खंडन करायला हवं. 'सकाळची कर्बोदकं बंद करा, तीन महिन्यांत गोळ्या फेका' असं छातीठोक सांगणारे मोबाइलवर भेटतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या १२१ मधुमेह्यांवर बारा आठवडे नेमका हाच प्रयोग झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाचा नाश्ता सुमारे ८ ग्रॅम कर्बोदकांचा, दुसऱ्याचा ५६ ग्रॅमचा, उष्मांक सारखेच. पहिल्या गटाची दिवसभराची साखर कमी राहिली, चढउतार कमी झाले. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत दोन गटांतला फरक ठामपणे सिद्ध होण्याइतका मोठा नव्हता. म्हणजे उपाय कामाचा आहे, चमत्कार नाही. शिवाय आमचा डाळीचा नाश्ता ८ ग्रॅमचा नाहीच, तो २५-३० ग्रॅमचा. त्याला 'कमी' म्हणायचं ते सकाळच्या दोन भाकरींच्या तुलनेत.

मग नाश्ताच का करायचा, असं विचारणारेही आहेत. विदर्भाच्याच डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन जेवणांचा प्रचार महाराष्ट्रभर केला. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात. काही वर्षांपूर्वी घराघरांत दोन पक्ष पडले होते आणि नणंद-भावजय या विषयावर अबोला धरत होत्या. गंमत अशी की दीक्षितांच्या क्रमातही सॅलड आणि मोड आलेली कडधान्यं आधी, पोळी-भाकर नंतर येते. किती वेळा खावं यावर एवढा धुरळा उडाला की काय आधी खावं हे त्यात दिसेनासं झालं. मला स्वतःला न्याहारी सोडवत नाही आणि ती सोडायलाच हवी असंही वाटत नाही.

एका ठिकाणी मात्र मी विनोद बाजूला ठेवतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डोस तोच ठेवून भाकर एकदम कमी केली तर साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, दुचाकीवर असाल तर विचारूच नका. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं जवळजवळ शून्यावर आणली, तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. आणि आमचा निम्मा मुलूख खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात किडनीच्या तक्रारी जुन्या आहेत. ज्याचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे त्याच्या ताटात डाळ किती, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही. आधी त्यांना विचारा, मग भाकर मोडा.

राहिला शेवटचा आक्षेप. तो पुरुष घेत नाहीत, कारण त्यांना तो सुचतच नाही. माझ्या बायकोने घेतला. "पोहे दहा मिनिटांत होतात. तुमचे फुणके पहाटे पाचला उठून वाटायचे कोणी?" या आक्षेपाचं खंडन मला करता आलं नाही आणि करूही नये. पोरांचे डबे, म्हाताऱ्यांचं पथ्य, स्वतःचं वावरातलं नाहीतर शाळेतलं काम, आणि त्यावर नवऱ्याच्या शुगरचा वेगळा स्वयंपाक. अनेक घरांतलं पथ्य याच दगडावर फुटतं आणि दोष जिभेला दिला जातो. म्हणून तडजोड झाली. फुणके रविवारी. बाकीचे दिवस रात्री हरभरा किंवा मटकी भिजत घालायची, सकाळी कुकरला लावायची आणि कांदा-मिरची-लिंबू घालून खायची, आणि हे सगळं मी करायचं. पहिल्या आठवड्यात दोनदा मीठ राहिलं, एकदा शिट्ट्या मोजताना चुकलो आणि उसळीचं वरण झालं.

टपरीवरच्या दादांना हे सगळं सांगितलं. एवढं लांबण त्यांना लागलं नाही. ते म्हणाले, "सर, माह्या घरी मशीन हाय, पोरानं पुण्याहून आनली. पट्ट्या महाग म्हणून डब्यात पडली." मी सुचवलं, दोनच पट्ट्या खर्च करा. एका दिवशी नेहमीच्या दोन भाकरी खाऊन दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी तितक्याच वाजता वाटीभर उसळ आधी खा, अर्धी भाकर नंतर, आणि पुन्हा दोन तासांनी मोजा. त्यांनी थोडा विचार केला, चहात टोस बुडवला आणि म्हणाले, "मोजतो. पन कमी नाई आली, तं पट्ट्याईचे पैसे तुम्ही द्याचे."

मी कबूल केलं. शनिवारपर्यंत निकाल कळायचा आहे.