माळ रिकामा नाही

जिल्ह्यातल्या माळरानांचा कारभार पाहणाऱ्या वन आणि महसूल अधिकाऱ्यांस,



बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या अलीकडे, माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर एक माळ आहे. सरकारी दप्तरी पडीक. हिवाळ्यात संध्याकाळी मी तिथे एका बोरीच्या आडोशाला कॅमेरा घेऊन बसतो. ऊन कललं की भोवत्या पक्षी येऊ लागतात: माँटेग्यू आणि पॅलिड हॅरिअर. कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांतून हजारो किलोमीटर उडून आलेले हे शिकारी रात्री झाडावर बसत नाहीत. गुडघाभर कुसळी गवतात, थेट जमिनीवर मुक्काम करतात. सकाळी ते निघून गेले की त्या जागी बोटाच्या पेराएवढ्या गुठळ्या पडलेल्या असतात, न पचलेलं ओकून टाकलेलं. एखादी फोडून बघा. नाकतोड्यांच्या तंगड्या, उंदराचे केस, कधी चंडोलाचं पीस. शेजारच्या ज्वारीतले नाकतोडे कुठे जातात, त्याचा हा हिशेब.

एवढं पाहिल्यावर 'पडीक' हा शब्द मला उच्चारवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात या माळाच्या एका अंगाला जेसीबी फिरला. सलग समतल चर निघाले, बांधावर ग्लिरिसिडियाची रोपं लागली. कुठल्या योजनेतून, ते सांगणारा फलकही नव्हता. हेतू चांगलाच असणार, त्याबद्दल शंका नाही. राज्यात 2016 साली 2 कोटी झाडांचा संकल्प होता, 2019 साली तो 33 कोटींवर गेला. उद्दिष्ट झाडांच्या आकड्यात ठरलं की मोकळी जमीन कागदावर रिकामी दिसायला लागते. पण दख्खनच्या कमी पावसाच्या या पट्ट्यात गवत हीच मूळची वनस्पती आहे, झाडं गेल्यावर उरलेला गाळ नव्हे. त्यावर धनगराची मेंढरं जगतात, चिंकारा जगतो, खोकड जगतं. सावली दाट झाली की कुसळी हटते, आणि कुसळी हटली की हॅरिअरला उतरायला जागा उरत नाही. यंदा चरांच्या बाजूला एकही उतरला नाही.

आता माझा स्वतःचा गुन्हा. सगळा दोष तुमच्या माथी मारून मोकळं होणं बरं दिसणार नाही.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मला त्याच माळावर सापमार गरुडाचं घरटं सापडलं. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, आणि इकडे उंच झाडं नसल्यामुळे पुरुषभर उंचीच्या बाभळीच्या शेंड्यावरही घरटं करतो. मी लांबून फोटो काढला, हरखून मित्रांना पाठवला आणि ठिकाणही सांगितलं. पुढच्या रविवारी सात गाड्या आल्या. गवतातून थेट बाभळीपर्यंत. मादी उठली ती दुपारभर घिरट्या घालत राहिली, आणि अंडं उन्हात. आठवड्याने घरटं ओस पडलं होतं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, डोळ्यातला पिवळा रंगसुद्धा स्पष्ट आलेला. कुणाला दाखवत नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक लागत नाही. सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि उतावळेपणा पुरतो. हे आमच्यातल्या कितीकांना ठाऊक आहे? माळाच्या तोंडाशी एवढं एक वाक्य मराठीत लिहिलेली पाटी लावा. गाड्या रस्त्यावरच थांबतील असा बांध घाला. उरलेली राखण मेंढरं वळणारी पोरं करतील. कोणत्या बाभळीवर कोण बसतं हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं, फक्त त्या कामाचे पैसे द्या.

हे जमणारं नाही असं म्हणू नका. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्यानेच गवताळ सफारी सुरू केली आहे. म्हणजे गवताळ रानाची किंमत तुम्हाला कळलेली आहे. मात्र सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. हॅरिअर दिवसभर त्याच्या कितीतरी बाहेर, शेतांवर आणि गायरानांवर हिंडतात. त्यांना हद्दीचे दगड दिसत नाहीत.

म्हणून सगळ्यांत मोठं मागणं हे: पावसाळ्यातल्या लागवडीसाठी जागांची यादी कराल तेव्हा नैसर्गिक गवताचे माळ तीतून वगळा. झाडं लावायला गावोगावचे रस्ते आहेत, ओढ्यांचे काठ आहेत, शाळांची आवारं आहेत.

त्या यादीवर सही करण्याआधी एकदा संध्याकाळी पाचच्या सुमारास माळावर या. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा, पुढे दहा मिनिटं चालावं लागेल. दुर्बीण माझ्याकडे आहे. मार्च संपता संपता हॅरिअर परत निघतात, तेव्हा त्याआधी या.

आपला,
माळाशेजारचा एक रहिवासी