फ्यूज उडतो तो आपल्या भल्यासाठी

भवानी पेठेतील आमच्या गल्लीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक तरुण राहतो. कर्ज काढून घेतलेली जुनी मोटारसायकल हाच त्याचा आधार. गेल्या उन्हाळ्यात तिचा फ्यूज आठवड्यात तीन वेळा उडाला. कोणाची तरी नजर लागली म्हणून शेजारणीने हँडलला लिंबू-मिरची बांधली. चौथ्या वेळी त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली आणि आम्हांस म्हणाला, "दादा, आता कधीच उडणार नाही बघा." खरेच उडाला नाही. टाकीखालून धूर निघाला आणि सगळी वायरिंग जळाली. पेट्रोलने पेट घेतला नाही, एवढेच सुदैव. दुरुस्तीचा खर्च झाला, शिवाय चार दिवसांची मजुरी बुडाली.

फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली तार. वायरिंगला सोसणार नाही एवढा करंट आला की ती आधी वितळते आणि बाकीचे वाचते. आम्ही पेशाने कारकून, म्हणून हिशेब मांडतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. 12 व्होल्टच्या गाडीत 21 वॅटचा ब्रेकचा दिवा पावणेदोन अँपिअर घेतो. 10 वॅटचे दोन इंडिकेटर मिळून जवळपास तेवढेच घेतात. एवढ्याने 10 अँपिअरचा फ्यूज उडत नाही. तो पुन्हा पुन्हा उडतो, तेव्हा बहुधा कोठेतरी तारेचे आवरण सोललेले असते आणि करंट दिव्यापर्यंत न जाता थेट चासीत उतरतो. यालाच शॉर्ट म्हणतात.

मग शोध कसा घ्यावा? चावी बंद करून फ्यूज काढावा. काचेचा असेल आणि काच काळी पडली असेल, तर शॉर्ट मोठा आहे असे समजावे. तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालावा. पात्याच्या फ्यूजमध्ये तांबडा 10 चा, निळा 15 चा आणि पिवळा 20 चा असतो. आता एकेक स्विच दाबून पाहावे. ब्रेक दाबताच उडाला तर ब्रेकची तार तपासावी, हॉर्न दाबताच उडाला तर हॉर्नची.

तरीही सापडले नाही, तर पेठेतील एका मिस्त्रींनी दाखवलेली युक्ती करावी. इंडिकेटरच्या जादा बल्बला दोन तारा जोडून त्या फ्यूजच्या जागी लावाव्यात. बाकीचे स्विच बंद ठेवून चावी चालू करावी. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. मग हँडल सावकाश दोन्ही बाजूंना वळवावे, वायरिंग हाताने हलवावी. जेथे हलवताच बल्ब मंद होतो किंवा विझतो, तेथेच दुखणे. हँडलच्या मानेजवळ, सीटखाली आणि मागच्या मडगार्डच्या धारेवर तार हमखास घासते. उंदीर कुरतडतात. सोलापूरच्या उन्हात जुने आवरण कडक होऊन तडकते. हौसेने लावलेला जादा हॉर्न किंवा रंगीत दिवा असेल, तर त्याचा जोड सर्वांत आधी पाहावा.

सोललेल्या जागी इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळावी, प्लास्टिकची पिशवी नव्हे. तार धारेपासून दूर बांधावी. बॅटरी काढायची झाल्यास आधी निगेटिव्हची तार सोडावी, म्हणजे पाना चासीला लागून ठिणगी पडत नाही. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांवर मात्र हा बल्बचा प्रयोग करू नये. त्यांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाहते, ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

वाचक बंधू-भगिनींनो, कारणाशिवाय काही घडत नाही. लिंबाने शॉर्ट जात नाही आणि जाड तारेने तो झाकतो, पण मिटत नाही. घरातील मुला-मुलींना आजच गाडीचा फ्यूज कोठे आहे ते दाखवा आणि दोन जादा फ्यूज सीटखाली ठेवा. काही रुपयांच्या त्या तुकड्याने आपली गाडी आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाचतात.